नांगरापूर्वीचे ताट

सन १९८५ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकेतील प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात सहा-सात पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक दोघे. बॉइड ईटन हे अटलांटा येथील एमरी विद्यापीठातले क्ष-किरणतज्ज्ञ, आणि मेल्विन कॉनर हे कलहारीच्या वाळवंटात शिकारी लोकांमध्ये राहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ. लेखाचा विषय होता अश्मयुगीन माणसाचा आहार. वैद्यकीय नियतकालिकात येणारे बहुतेक लेख वैद्यच वाचतात आणि विसरतात. या लेखाचे भाग्य मात्र वेगळे ठरले. आदिमानव जे खात होता तेच आपण खावे, म्हणजे आधुनिक रोग आपल्या वाटेस जाणार नाहीत, हा जो विचार आज जगभर फोफावला आहे, त्याला शास्त्राची प्रतिष्ठा प्रथम मिळाली ती या लेखामुळे.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. आजच्या मनुष्यजातीचे वय सुमारे तीन लक्ष वर्षे धरले, तर त्यात नांगराचा काळ जेमतेम दहा-बारा हजार वर्षांचा आहे. त्यापूर्वीच्या साऱ्या पिढ्यांनी पारध करून, मासे धरून, कंद खणून, फळे आणि मध गोळा करून उदरनिर्वाह केला. शरीराची घडण त्या अन्नावर झाली, आणि ती पालटण्यास शेतीच्या चार-पाचशे पिढ्यांचा अवधी अपुरा आहे. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग हे सारे मग जुने शरीर आणि नवे अन्न यांच्या विजोड संसाराचे फळ ठरते. लेखकद्वयाने हिशेबही मांडला होता. त्यांच्या अंदाजाने अश्मयुगीन माणसाच्या अन्नात मांस ३५ टक्के आणि वनस्पतिजन्य पदार्थ ६५ टक्के होते. तो दिवसाला ४५ ग्रॅमहून अधिक चोथा खाई, आणि समकालीन अमेरिकन मनुष्य २० ग्रॅमदेखील खात नव्हता. मिठातले सोडियम त्याच्या पोटात दिवसाला ६९० मिलिग्रॅम जाई, तर अमेरिकनाच्या पोटात २३०० पासून ६९०० पर्यंत. मांडणी सावध होती. हे आकडे म्हणजे विचारासाठी घेतलेला एक आदर्श आहे, एवढाच त्यांचा दावा होता.

पुढे हा सावधपणा टिकला नाही. वास्तविक त्यापूर्वीच, १९७५ साली, वॉल्टर व्हॉग्टलिन नावाच्या पोटाच्या विकारांच्या एका अमेरिकन डॉक्टराने मनुष्य हा मूलतः मांसाहारी प्राणी असल्याचे सांगणारे पुस्तक काढले होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. परंतु २००२ च्या सुमारास कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील लॉरेन कॉर्डेन यांचे ‘द पॅलिओ डाएट’ हे पुस्तक बाजारात आले, आणि मतातून पंथ झाला. या पंथाचे निषेध मोठे कडक आहेत. धान्य नको, कडधान्य नको, दूध-दही-तूप नको, साखर नको, मीठ नको. वाचकांनी आपल्या सणासुदीचे ताट क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. भात गेला, वरण गेले, त्यावरची तुपाची धार गेली, पंचामृतातला मध तेवढा राहिला. नैवेद्याच्या ताटात उरते ते केळीचे पान आणि लिंबाची फोड.

तरीही हसून सोडून द्यावा असा हा विषय नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि सर्व राज्यांत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आहे ते गोव्यात, शेकडा २६.४. म्हणजे चार प्रौढ माणसे पंक्तीला बसली, तर त्यांतील एकाने तरी खिरीची वाटी बाजूला सारावी अशी आपली अवस्था आहे. गिरणीत पांढरा शुभ्र होईपर्यंत सडलेला तांदूळ, साखर आणि बसून राहण्याचा व्यवसाय यांनी आपले काय केले आहे, हे सांगावयास अश्मयुगापर्यंत जाण्याची गरज नाही. पण कोणी त्या युगाची साक्ष काढीत असेल, तर ती साक्ष तपासली पाहिजे.

पुराव्याच्या कायद्याशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याला येथे पहिला प्रश्न सुचतो तो असा की, ही साक्ष शिल्लक कशी राहिली? हरणाचे हाड दहा हजार वर्षे मातीत टिकते, दगडाचे पातेही टिकते. परंतु कणगे, अळवाचे पान, बोर किंवा आळंबे यांचा मागमूस दहा दिवसांत नाहीसा होतो. तेव्हा उत्खननात हाडांची रास सापडली म्हणून तेथला मनुष्य केवळ मांसावर जगत होता असे म्हणणे, म्हणजे एकाच पक्षाचे साक्षीदार हजर राहिले म्हणून त्याच्या बाजूने निकाल देण्यासारखे आहे. गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात लांघणज येथे हसमुख सांकळिया यांनी १९४० च्या दशकात उत्खनन केले. डॉ. इरावती कर्वेही त्या मोहिमेत होत्या. तेथे माणसांचे सांगाडे निघाले, हरणांची, नीलगाईंची हाडे निघाली, आज त्या कोरड्या प्रदेशात कल्पनाही करवणार नाही अशा गेंड्याचे खांद्याचे हाडदेखील निघाले. त्या लोकांनी उकरून खाल्लेले कंद मात्र निघणे शक्यच नव्हते.

जे कुजून जाते त्याची साक्ष काढावयाची तर जिवंत माणसांकडे जावे लागते. रिचर्ड ली हे मानववंशशास्त्रज्ञ १९६३ साली आजच्या बोत्स्वानातील डोबे या ठिकाणी गेले आणि तेथल्या कुंग लोकांत राहिले. पुढील वर्षीच्या जुलै महिन्यात त्यांनी कोण किती वेळ अन्न शोधतो, काय आणतो, त्याचे वजन किती, याची दैनंदिनी ठेवली. शिकारी म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या लोकांच्या अन्नाचा सुमारे दोनतृतीयांश भाग वनस्पतींचा निघाला, आणि त्यातही मोठा वाटा मोंगोंगो नावाच्या एका झाडाच्या कवचीच्या फळाचा. ते आणीत असत स्त्रिया. पुरुषांच्या शिकारीच्या कथा शेकोटीभोवती रात्रभर चालत, पण सकाळचे पोट भरे ते बायकांच्या खणत्या काठीमुळे. कॉर्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली २२९ जमातींच्या जुन्या नोंदी गोळा करून बहुतेकींचे निम्म्याहून अधिक अन्न प्राणिजन्य असल्याचे दाखविले. तेव्हा कॅथरीन मिल्टन यांनी घेतलेला आक्षेप या अनुभवाला धरूनच होता. या नोंदी करणारे बहुतेक पुरुष होते, त्यांनी पुरुषांना विचारले, आणि स्त्रिया काय गोळा करतात हे कित्येकदा लिहिलेच नाही. आपल्याकडेही घरातल्या कामाचा हिशेब करताना हीच गफलत होते, हे जाता जाता सांगण्यास हरकत नाही.

लींच्या त्या आकड्यांवरून मार्शल सालिन्स यांनी शिकारी समाज हाच मूळचा संपन्न समाज होय, असे मत १९६६ साली शिकागोच्या परिषदेत मांडले. आठवड्यातील अडीच दिवस अन्न शोधावे आणि उरलेले गप्पांत घालवावे, असे हे चित्र मोहक आहे. पण फळ फोडणे, भाजणे, लाकूड आणणे, हत्यार दुरुस्त करणे हे काम त्यात धरले नव्हते. ते धरले तेव्हा लींचेच आकडे बरेच वाढले. आयुर्मानाचेही तसेच आहे. कुंग लोकांत जन्मलेल्या मुलाचे अपेक्षित आयुष्य तीस-पस्तीस वर्षांपलीकडे जात नसे, ही एक बाजू. बालपणाच्या तडाख्यातून जो वाचला आणि प्रौढ झाला, तो बहुधा सत्तरीच्या आसपास पोचे, ही दुसरी. वैरी आणि स्तुतिपाठक प्रत्येक जण आपल्या सोयीची बाजू उचलतो.

धान्याविषयीचा निषेध तर पुराव्यासमोर उभाच राहत नाही. गॅलिली सरोवराचे पाणी १९८९ साली आटले तेव्हा ओहालो येथे सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्या उघड्या पडल्या. तेथल्या एका दगडावर रानटी जवाच्या पिठाचे कण चिकटलेले आढळले. जॉर्डनमध्ये शुबायका येथील चुलीत सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीचे जळके तुकडे सापडले, ते २०१८ साली जाहीर झाले. त्या भाकरीनंतर शेती यावयास आणखी चार हजार वर्षे होती. दक्षिण आफ्रिकेतील बॉर्डर केव्ह या गुहेत तर १,७०,००० वर्षांपूर्वी भाजलेल्या कंदांचे कोळसे मिळाले आहेत. आपल्या देशातील पुरावा याहून लहान असला तरी त्याच दिशेचा आहे. उत्तर प्रदेशात प्रतापगढ जिल्ह्यात सराय नाहर राय, महादहा आणि दमदमा येथे शेतीपूर्व शिकाऱ्यांच्या वसाहती अलाहाबाद विद्यापीठाच्या संशोधकांनी उकरल्या. तेथे हरणांच्या हाडांबरोबर पाटे-वरवंटे निघाले. वाटावयास काही नसते तर एवढे जड दगड त्या भटक्यांनी कशाला बाळगले असते?

मात्र प्रतिपक्षाची एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. याच प्रतापगढच्या सांगाड्यांत पुरुष चांगले उंच, सुमारे सहा फुटांच्या आसपासचे निघाले. दात झिजलेले, पण किडलेले थोडे. पुढे हडप्पा येथील नागरिकांच्या दातांत कीड स्पष्ट वाढलेली दिसते. ग्रीसपासून उत्तर अमेरिकेपर्यंत जेथे जेथे शेती आली, तेथे अनेक ठिकाणी माणसे ठेंगणी झाली, दात किडले, आणि एका धान्यावर विसंबल्याने हाडांवर कुपोषणाच्या रेषा उमटल्या. नांगराने मनुष्याला गाव दिले, देऊळ दिले, अक्षर दिले. त्याची किंमत पहिल्या शेतकऱ्यांच्या देहाने भरली.

मग नांगर सोडला म्हणजे ती किंमत परत मिळते काय? या प्रश्नाचे एक उत्तर पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या मातीत आहे. घोड नदीकाठच्या या वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत केले. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० या काळात तेथे कालव्याच्या पाण्यावर जव पिकविणारा सुखवस्तू गाव होता. त्यानंतरच्या तीन शतकांत, पावसाने दगा दिल्याने असे मधुकर ढवळीकर मानीत, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरची भिस्त वाढली. घराच्या जमिनीखाली दोन रांजणांत तोंडाला तोंड लावून पुरलेल्या लहान मुलांच्या अस्थी तेथे विपुल मिळाल्या. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात त्यांचा अभ्यास मांडला आहे. उत्तरकाळातील मुलांची वाढ त्यांना खुंटलेली आढळली. उपाशी शेतकरी शिकारीस गेला म्हणून त्याचे मूल सशक्त झाले नाही.

शरीर बदलले नाही, हा मूळ लेखाचा दुसरा आधारस्तंभ. तोही आता पूर्वीसारखा भक्कम राहिलेला नाही. लाळेत पिष्ट पचविणारे जे द्रव्य असते, त्याच्या जनुकाच्या प्रती पिष्टमय अन्न खाणाऱ्या समाजांत अधिक असतात, असे २००७ साली दिसून आले. या प्रती वाढण्यास शेतीच्या कितीतरी आधी, बहुधा लक्षावधी वर्षांपूर्वी, आरंभ झाला असावा असे अलीकडील संशोधन सांगते. दुधाचे उदाहरण तर याहून आपल्या जवळचे आहे. मोठेपणी दूध पचविण्याची शक्ती देणारा जनुकबदल शेती-पशुपालनानंतरचा आहे. भारतीयांत तो युरोपीय लोकांत आढळतो तोच आहे, आणि त्याचे प्रमाण वायव्येकडे अधिक, दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी होत जाते. ज्यांना कच्चे दूध बाधते पण ताक बाधत नाही, अशी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. त्यांच्या आजीने हे जनुक न पाहताच ओळखले होते.

या सर्व वादात ज्या एका प्रयोगाने माझ्या मनाची पकड घेतली तो ऑस्ट्रेलियातील आहे. केरिन ओडी या संशोधक स्त्रीने त्याचा वृत्तान्त १९८४ साली प्रसिद्ध केला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडे डर्बी नावाचे गाव आहे. तेथे राहणारे दहा मधुमेही आदिवासी, सारे मध्यम वयाचे, पीठ, साखर, बटाटा, भात, स्वस्त चरबीचे मांस आणि मद्य यांवर जगणारे. त्यांनी सात आठवड्यांसाठी आपल्या पूर्वजांच्या मुलखात जाऊन राहावे असे ठरले. समुद्रकाठी मासे, आत नदीकाठी गेल्यावर कांगारू, गोड्या पाण्यातले मासे आणि कासवे, रानकंद, रान-अंजिरे, मध. जे मिळेल ते मिळवून खावयाचे, दुकानातले काही नाही. सात आठवड्यांनी प्रत्येकाचे वजन सरासरीने आठ किलो उतरले होते, आणि उपाशीपोटीची रक्तशर्करा २०९ च्या घरातून ११९ पर्यंत आली होती. औषधांच्या दुकानात सात आठवड्यांत असे क्वचितच घडते.

परंतु याच वृत्तान्तात आणखी एक आकडा आहे, तो पंथाचे प्रचारक सहसा सांगत नाहीत. त्या मंडळींना रोज मिळणारे अन्न सुमारे १२०० उष्मांकांचे होते. दिवसभर चालून, खणून, पाण्यात उतरून एवढेच हाती लागत होते. तेव्हा गुण कांगारूच्या मांसाचा, की अर्धपोटी राहण्याचा, की चालण्याचा, की मद्य सुटल्याचा, हे वेगळे काढता येत नाही. स्वतः ओडी यांनीही या साऱ्या कारणांचा एकत्रित परिणाम म्हणूनच त्याकडे पाहिले. आपण घरी बसून बाजारातली कोंबडी आणि बदाम मागवितो तेव्हा यांपैकी एकही कारण त्या ताटात आलेले नसते. शिवाय तो बदाम तरी कुठला? रानटी बदाम कडू आणि विषारी असतो, रानकेळ बियांनी गच्च भरलेले असते. आज मंडईत जे मिळते ते सारे शेतकऱ्याने निवडून निवडून गोड केलेले आहे.

स्वीडनमध्ये या आहाराच्या काही रीतसर चाचण्या झाल्या. लठ्ठ प्रौढ स्त्रियांवरील दोन वर्षांच्या चाचणीत, जी २०१४ साली प्रसिद्ध झाली, पहिल्या सहा महिन्यांत अश्मयुगीन आहाराने अधिक चरबी उतरली; दोन वर्षांअखेर दोन्ही गटांत तो फरक उरला नव्हता. स्तेफान लिंदेबर्ग या स्वीडिश वैद्याने पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावर १९९० च्या सुमारास पाहणी केली, तीही लक्षात घेण्याजोगी आहे. कंद, फळे, नारळ आणि मासे यांवर राहणाऱ्या त्या लोकांत हृदयविकार आणि पक्षाघात जवळजवळ आढळलाच नाही, आणि त्यांचे सत्तर टक्के पोषण कंदांतील व फळांतील पिष्ट-शर्करेवरच होत होते. ते लोक शिकारी नव्हेत, बागाईत करणारे आहेत. नारळ, मासळी आणि कणगां यांचा हा मेळ गोमंतकीय वाचकाला परका वाटू नये.

नांगरापूर्वीच्या अन्नाचा आदर आपल्या परंपरेतही आहे. तो मात्र वेगळ्या जातीचा आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला नांगरलेल्या जमिनीतील धान्य, कोणी टाकून दिलेले असले तरी, निषिद्ध सांगितले आहे. त्याने नीवारासारखी आपोआप उगवलेली मुन्यन्ने, कंद, फळे यांवर राहावे. शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात आश्रमाची खूण पटते ती झाडाखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. परंतु त्याच अध्यायात वानप्रस्थाला मांस वर्ज्य आहे, जमिनीतून उगवणारी आळंबीदेखील वर्ज्य आहेत. श्रावणात अळमीची वाट पाहणाऱ्या गोव्याच्या गृहस्थाने वानप्रस्थ लांबणीवर टाकावा हेच बरे! म्हणजे हा शिकाऱ्याचा आहार नव्हे. गावाचा हक्क सोडलेल्या माणसाचा आहार आहे. ऋषिपंचमीच्या व्रतातही बैलाच्या कष्टाचे खावयाचे नाही, एवढीच अट असते. देवभात मिळाला तर उत्तम, नाही तर परसातल्या भाज्या. त्या भाजीत मक्याचे कणीस आणि लाल भोपळा बिनदिक्कत पडतो. हे दोन्ही पदार्थ अमेरिकेतून आलेले, पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी येथे कोणी पाहिलेही नव्हते. उपवासाचा बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद यांचीही कुळकथा तीच. व्रताला यात विसंगती वाटत नाही, कारण व्रताने प्राचीनतेचा दावा केलेलाच नाही. नियमाचा हेतू बैलाच्या श्रमाशी बांधलेला आहे, काळाशी नाही. आणि मधुमेह बरा होईल असे आश्वासनही त्यात कोठे नाही.

ज्यांच्या ताटाच्या नावाने हा सारा बाजार उभा राहिला, त्या लोकांचे पुढे काय झाले, हे वकिलाच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. बोत्स्वाना सरकारने मध्य कलहारीच्या राखीव अरण्यातील सान लोकांना १९९७ आणि २००२ साली बाहेर काढून वसाहतींत बसविले. तेथे शिधा मिळे, शिकार नाही. त्यांतील दोनशेहून अधिक लोक न्यायालयात गेले. खटला चार वर्षांहून अधिक चालला, आणि १३ डिसेंबर २००६ रोजी उच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला. त्यांना जमिनीवरून काढणे बेकायदा होते, आणि शिकारीचे परवाने नाकारणेही बेकायदा होते. तीन न्यायाधीशांपैकी युनिटी डाऊ या कादंबरीकारही आहेत. पाण्याच्या विहिरीसाठी त्या लोकांना पुन्हा भांडावे लागले, तो निकाल अपील न्यायालयाकडून २०११ च्या जानेवारीत मिळाला.

योगायोग असा की, त्याच २००६ च्या डिसेंबरात आपल्या संसदेने वनहक्कांचा कायदा संमत केला. त्यात वननिवासी जमातींना गौण वनोपजाचा मालकी हक्क दिलेला आहे, आणि गौण वनोपज म्हणजे काय हे सांगताना बांबू, मध, मेण, लाख, तेंदूची पाने, वनौषधी यांच्याबरोबर कंद आणि मुळे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परंपरागत चालत आलेले इतर हक्कही त्याच कलमात मान्य केले आहेत, फक्त एक वगळून: शिकार करण्याचा आणि सापळा लावण्याचा.